सुपरहॉट मिरचीची रोपं दर पावसाळ्यात मान का टाकतात?

रात्री झोपताना रोप ताठ उभं असतं. सकाळी बघावं तर मातीवर आडवं. पानं हिरवीगार, कीड नाही, डाग नाही. फक्त बुडाशी, जिथे खोड मातीला टेकतं तिथे, ते दोऱ्याइतकं बारीक झालेलं आणि पाणी सुटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी शेजारचं रोप जातं, मग त्याच्या शेजारचं. आठवड्यात ट्रे रिकामा.

भूत जोलोकिया आणि कॅरोलिना रीपर या सुपरहॉट, म्हणजे अतितिखट मिरच्यांच्या बाबतीत हे मी लागोपाठ तीन पावसाळे बघितलं. घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या वर्षी बियाण्याला दोष दिला, दुसऱ्या वर्षी कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्याला. तिसऱ्या वर्षी १६ बियांतून ११ रोपं आली आणि त्यांतली ९ गेली, तेव्हा मात्र औषध शोधणं सोडून आपण नेमकं काय करतोय ते बघायला बसलो.

या रोगाला मराठीत सरळ नाव आहे: रोप कोलमडणे. काही जण ‘मर’ म्हणतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या त्यामागच्या नेहमीच्या बुरश्या. (शास्त्रज्ञ पिथियमला खरी बुरशी मानत नाहीत, पण रोपाला त्याने काही फरक पडत नाही.) पिथियमचे सूक्ष्म बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा सलग थर असला की या रोपापासून त्या रोपापर्यंत जायला त्यांना वाट मिळते, म्हणूनच रोपं एका कडेने ओळीने जातात. रायझोक्टोनियाला एवढं पाणी लागत नाही. त्याचा डाग तपकिरी, जरा कोरडा आणि खोडाला करकोचा पडल्यासारखा दिसतो. घरच्या ट्रेपुरता हा फरक फार महत्त्वाचा नाही, कारण दोघांनाही हवं असतं ते एकच, ओली माती आणि तिच्यावर थांबलेली हवा.

मग परसातली साधी लवंगी मिरची त्याच पावसात का तगते? तिच्यावर हे संकट कमी वेळ असतं म्हणून. नेहमीच्या मिरचीचं बी आठ-दहा दिवसांत वर येतं, भराभर वाढतं, तीन-चार आठवड्यांत खोड कडक होतं आणि मग बुरशीला सहज दाद देत नाही. सुपरहॉट जाती बहुतेक सगळ्या कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीच्या. त्यांची उगवण म्हणजे सरकारी काम. एकाच पाकिटातलं एक बी दहाव्या दिवशी येतं, दुसरं पंचविसाव्या, आणि एखादं महिना उलटल्यावर, आपण आशा सोडल्यानंतर. तोवर आपण माती ओली ठेवत असतो. वर आलं तरी रोप आठवडाभर दोन पानांवरच रेंगाळतं. कोवळं खोड आणि ओली माती यांची गाठ जितके दिवस पडेल तितका धोका जास्त.

त्यात आपल्याला पेरणी करावी लागते ती नेमकी वाईट महिन्यांत. पाऊस ऑक्टोबरात परततो. त्या सुमाराला आठ-दहा आठवड्यांचं रोप बाहेर लावलं तर थंडीत फुलं धरतात आणि फळं उन्हाळा कडक व्हायच्या आत हातात येतात. उलटा हिशेब केला की पेरणी जुलैच्या मध्यावर येते. तेव्हा बाहेर धो धो पाऊस, अंगणात काही पेरायची सोय नाही, म्हणून घरात. आणि घरात काय परिस्थिती असते ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. मीठ पाझरतंय, पापड नरम, कपाटातल्या चपलांवर हिरवी साय.

झाकणाची गोष्ट

माझी मुख्य चूक इथेच होती. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत एकच पद्धत दाखवतात: ट्रेखाली गरम होणारी चटई, वर पारदर्शक झाकण, आत दमटपणा टिकवा. मीही ऑनलाइन झाकणाचा ट्रे मागवला. चटई तेवढी घेतली नाही, किंमत बघून.

ती पद्धत चुकीची नाही, ती दुसऱ्या घरांसाठी आहे. जिथे बाहेर बर्फ आणि आत हीटर चालू, तिथे खोलीतली हवा इतकी कोरडी असते की उघड्या ट्रेतलं बी सुकून जाईल. तिथे झाकण लागतं. मिरचीच्या बियाला मातीत २६ ते ३० अंश तापमान आवडतं, आणि जुलैत आपल्या माडीवर दिवसरात्र साधारण तेवढंच असतं. चटईचं काम पावसाळा फुकट करतो. दमटपणा तर विचारूच नका. अशा हवेत ट्रेवर झाकण घालणं म्हणजे बुरशीला खोली भाड्याने देणं. मी रोज सकाळी त्या झाकणाला आतून लागलेले थेंब बघून खूश व्हायचो. छान ओलावा आहे म्हणून.

आपल्याकडे रोपाला ओल द्यावी लागत नाही, हवा द्यावी लागते. पुढचे सगळे बदल यातूनच निघाले.

पण झाकण काढलं की अडचण येते. आधी उगवलेल्या रोपाला कोरडा पृष्ठभाग हवा आणि अजून मातीत असलेल्या बियाला ओल. दोघं एकाच ट्रेत असतील तर कोणाचं तरी मरण ठरलेलं. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे बी मातीत न टाकता आधी मोड आणणं. मटकीला आणतो तसेच, फक्त सावकाश. साध्या पेपर नॅपकिनची चौपदरी घडी पाण्यात बुडवून घट्ट पिळायची, त्यात बिया एकमेकींना न चिकटता ठेवायच्या आणि घडी झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवायची. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर. दर दोन दिवसांनी उघडून बघायचं. हवाही बदलते आणि बुरशी धरलेलं बी वेळेत बाहेर काढता येतं. पांढरं मूळ दोन-तीन मिलिमीटर दिसलं की तेवढंच बी उचलायचं. बोटाने नाही, टूथपिक ओली करून तिच्या टोकाने. मग अर्धा सेंटिमीटर खोल, एका कपात एकच. मूळ लांबू दिलं तर ते कागदात घुसतं आणि काढताना तुटतं. तसं झालंच तर कागदासकट लावा.

आता प्रत्येक रोपाचा कप वेगळा, वय वेगळं, पाणी वेगळं. एक मेलं तरी शेजाऱ्याला घेऊन जात नाही. मला वाटतं निम्मी लढाई इथेच जिंकली गेली.

माती

पहिल्या दोन वर्षी मी कुंडीतली जुनी माती, शेणखत आणि कोकोपीट असं मिश्रण वापरलं होतं. शेणखत नीट कुजलेलं नव्हतं, आणि ट्रे तोच, नुसता नळाखाली धुतलेला. पिथियमचे जाड कवचाचे बीजाणू अशा मातीत आणि ट्रेच्या कोपऱ्यांतल्या चिखलात पुढच्या वर्षापर्यंत आरामात टिकतात. म्हणजे दर वर्षी रोग बाहेरून येत नव्हता, मीच तो जपून ठेवत होतो.

आमच्याकडे भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा यांचे थर, वर थोडी माती, आणि मग पेटवायचं. त्या जागी तण कमी उगवतं आणि रोप जोमदार येतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. वरच्या थरातलं तणाचं बी आणि बुरश्या त्या धगीत जातात. राबाबद्दल धूर आणि झाडतोड यांवरून वाद आहेत आणि ते रास्तही आहेत. पण कपभर मातीसाठी कोणाला झाड तोडायला लागत नाही. वाफ पुरते.

मिश्रण वाफसा असल्यासारखं ओलसर करायचं, म्हणजे मुठीत दाबलं तर गोळा होईल पण पाणी गळणार नाही. ते जुन्या सुती कापडात बांधून चाळणीवर ठेवून वाफवायचं. वाफ आल्यावर अर्धा तास. आत खोलवर ७० अंशांच्या आसपास तापलं तरी कोलमडवणाऱ्या बुरश्या मरतात, त्यामुळे माती करपेपर्यंत तापवू नका. मी पहिल्यांदा मोदकपात्र वापरलं. ते कळल्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. मातीसाठी वेगळं भांडं ठेवा.

मिश्रणात दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाडसर वाळू किंवा परलाइट (हलके, फुगवलेले पांढरे खनिज दाणे) घेतो. परलाइट मिळालं नाही त्या वर्षी भाताच्या तुसाचा कोळसा घातला, तोही चालला. खत काहीच नाही. खरी पानं येईपर्यंत रोपाची शिदोरी बियातच असते. गांडूळखत मी तिसरं-चौथं पान फुटल्यावर, चिमटीने, वरून देतो.

वाळू समुद्रावरची आणू नका. घराबाहेर फुकट पडली आहे म्हणून मीही आणली होती. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही. नदीची वाळू आणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. कोकोपीटचंही तेच. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर त्यातून आलेल्या भुश्यात मीठ राहतं. गोड्या पाण्यात भिजवून पिळून टाकायचं, असं दोन-तीनदा. मिठाने रोप कोलमडत नाही, पानांची टोकं आणि कडा करपतात आणि वाढ थांबते. म्हणजे तो वेगळा आजार, पण दोन्ही एकाच ट्रेत असले की निदान चुकतं. माझं दुसऱ्या वर्षी असंच चुकलं.

पाणी, आणि गणपतीतली माणसं

बी लावल्यावर कपात वर अर्धा सेंटिमीटर धुतलेल्या जाड वाळूचा थर देतो. वाळू लवकर सुकते, त्यामुळे खाली ओल असली तरी खोडाला टेकलेला भाग कोरडा राहतो. पाणी खालून: कप थाळीत ठेवायचा, बोटाच्या एका पेरापेक्षा कमी पाणी, पंधरा-वीस मिनिटं, मग बाहेर काढून निथळू द्यायचा. थाळीत पाणी साठवून ठेवायचं नाही.

पुन्हा पाणी कधी? वर बघून कळत नाही, उचलून कळतं. पाणी दिल्यावर कप हातात घेऊन वजन लक्षात ठेवा. हलका लागेपर्यंत देऊ नका. जुलै-ऑगस्टात माझ्याकडे हे अंतर चार ते सहा दिवसांचं पडतं, झडीच्या आठवड्यात त्याहून जास्त. पूर्वी मी रोज सकाळी स्प्रे मारायचो. चहा घेताना हाताला काहीतरी काम.

तिसऱ्या वर्षीच्या त्या ९ रोपांपैकी निदान ५ गणपतीत गेली. पाच दिवस घर भरलेलं, मुंबईहून सगळे आलेले, मी आरत्यांना आणि नैवेद्याच्या धावपळीत. रोपं खिडकीत. आत्या म्हणाली, “अरे, सुकली होती रे बिचारी, मी घातलं हो पाणी.” नंतर कळलं की काकूनेही घातलं होतं, आणि धाकट्या भाच्याने तर दोनदा. कोणी वाईट मनाने केलं नाही. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ट्रे बघितला तर पोफळीची राई वादळात झोपावी तशी रोपं झोपलेली. आता गणपतीच्या आदल्या दिवशी कप माडीवर हलवतो आणि शेजारी पाटी ठेवतो: ‘पाणी घातलेलं आहे. देवाची शपथ.’

वारा आणि उजेड

पंखा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट. यूएसबीवर चालणारा छोटा पंखा पुरतो. थेट रोपावर न सोडता भिंतीवर मारायचा, परतलेल्या झुळकीने पानं जेमतेम हलली की पुरे. माती वरून सुकते आणि हलत्या हवेत खोडही जाड होतं.

पावसाळ्यात कौलारू घराच्या खिडकीतला उजेड मिरचीला पुरत नाही. आपल्याला लख्ख वाटतं, रोपाला अंधार. मग ते उजेडाकडे ताणत जातं, खोड लांब आणि लुळं होतं, आणि असं खोड बुरशीला सोपं सावज. २० वॅटची साधी पांढरी एलईडी बॅटन मी फळीच्या खालच्या बाजूला लावली आहे, रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, टायमरवर १४ तास. गुलाबी-जांभळे दिवे घ्यायची गरज मला वाटली नाही, आणि रात्री बाहेरून घर विचित्र दिसतं ते वेगळंच.

वादळात दोन दिवस लाईट गेली तर? पाणी अजिबात देऊ नका. उजेड नाही म्हणजे रोप पाणी पीत नाही आणि पंखा बंद म्हणजे माती सुकत नाही. कप पडवीत, पागोळ्यांपासून दूर ठेवा.

आजच एखादं रोप आडवं झालं असेल तर

ते वाचत नाही. काडीचा आधार, मातीची भर, सगळं करून बघितलंय. ते त्याच्या मातीसकट घराबाहेर टाका. एकत्र ट्रे असेल तर उरलेली रोपं आजच वेगळी करा, वर कोरडी वाळू पसरा, पंखा लावा, पाणी बंद. उरलेल्यांना एकदा कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी करता येते, म्हणजे पाण्यात मिसळून बुडाशी ओतता येतं, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम. कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा.

रोग येण्याआधी काही द्यायचं असेल तर ट्रायकोडर्मा. ती मित्रबुरशी आहे, आधीच मातीत जागा धरून बसते. मी कप भरताना मिश्रणात चिमूटभर घालतो, मिश्रण वाफवून पूर्ण गार झाल्यावर. तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी दिलंत तर पहिलं दुसऱ्याला मारेल. पाकिटावरची मुदत बघा, ती जिवंत वस्तू आहे. दालचिनीची पूड भुरभुरवा असंही सांगतात. मी भुरभुरवली होती. ट्रेला शिऱ्यासारखा वास आला, रोपं गेलीच.

कोलमडणं नाही, पण तसं वाटतं

खोड तिरकं, स्वच्छ कापलेलं आणि पानं गायब असतील तर तो बुरशीचा नाही, गोगलगायीचा प्रताप. पावसात ती भिंतीवरून माडीपर्यंत चढते. रात्री बॅटरी घेऊन बघा, चकचकीत रेघ सापडेल.

मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर त्यांच्या अळ्या ओल्या मातीत राहून कोवळी मुळं खातात. चिलटं म्हणजे पाणी जास्त झाल्याची चिठ्ठीच. पिवळे चिकट कागद लावा, पण माती सुकू दिल्याशिवाय ती जात नाहीत.

रोप वर आलंय पण डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलंय? ओल्या कापसाने दहा-पंधरा मिनिटं मऊ करा आणि मग टूथपिकने. ओढलंत तर शेंडा हातात येईल. पानांच्या खालच्या बाजूला खरखरीत बारीक फोड दिसले तर घाबरू नका. मुळं पाणी वर ढकलतात आणि दमट हवेत पानातून ते बाहेर पडत नाही, म्हणून पेशी फुगून फुटतात. पंखा वाढवा, पाणी कमी करा, नवी पानं साफ येतात.

आणि बी उगवलंच नाही तर ते बियाण्याचं दुखणं असू शकतं. तिखटाच्या विक्रमामागे बाजार लागलेला असतो. गिनीज बुकात २००७ मध्ये भूत जोलोकिया आली, २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर, २०२३ मध्ये २६,९३,००० स्कोव्हिलची (स्कोव्हिल म्हणजे तिखटपणाचं माप) पेपर एक्स. रीपर आणि पेपर एक्स एकाच माणसाने, अमेरिकेतल्या एड करीने वाढवलेल्या. पेपर एक्सचं बी त्याने लोकांना विकायला काढलं नव्हतं, तरी ऑनलाइन पाकिटं दिसू लागली. अशा पाकिटातून काय उगवेल ते देव जाणे. फळातून स्वतः बी काढणार असाल तर हातमोजे घालाच. तिखटपणा बियात तयार होत नाही, बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेलं असतं त्यात होतो, पण तो बियाला माखलेला असतो. मी एकदा उघड्या हाताने चार भूत जोलोकिया सोलल्या आणि संध्याकाळी डोळा चोळला.

सहा-आठ पानं झाली, खोड बुडाशी जरा तपकिरी आणि कडक लागलं की कोलमडण्याची भीती सरली. नवरात्राच्या सुमारास रोपं बाहेर न्यायची, पण थेट अंगणात नाही. दिव्याखाली वाढलेल्या पानांना ऑक्टोबर हीटचं ऊन एका दुपारीत पांढरं करतं. आधी तीन-चार दिवस पडवीत, मग सकाळचं आठ-साडेआठपर्यंतचं ऊन, रोज अर्धा तास वाढवत. आठवडा-दहा दिवसांनी जांभ्याच्या गडग्याकडेला, जिथे दुपारनंतर नारळाची सावली येते, तिथे लावतो. मागच्या वर्षी १२ बियांतून १० रोपं त्या गडग्यापर्यंत पोहोचली. त्यांतलं एक शेजाऱ्याच्या शेळीने खाल्लं. तिखट फळात असतं, पाल्यात नसतं.